पाखरूमास्तर आणि कालवफोड्या

पाखरूमास्तर माणसांना 'अरे' म्हणायचे आणि पाखरांना 'अहो'. चिखलात चोच खुपसून एवढंसं पाखरू उभं दिसलं की म्हणायचे, "आलात? या, या. प्रवास कसा झाला?" आणि लगेच मला, "अरे, होडी हलवू नकोस!" मी त्यांच्याहून थोरला. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "तू इथलाच. ते बर्फाच्या मुलखातून उडत आलेत. पाहुण्यांना मान नको?" म्हटलं, "मग उद्या मीपण मिठागरावरनं उडतच येतो." मास्तर हसले नाहीत. पाखरांच्या बाबतीत ते कधी हसत नसत.

मास्तर रोह्याजवळच्या अष्टमी गावचे, नोकरी सगळी रोह्यात झालेली. निवृत्त झाल्यापासून गणपती गेले की एसटीने पेणला उतरायचे आणि गळ्यात दुर्बीण, काखेत छत्री अशा थाटात आमच्या मिठागराच्या बांधावर हजर व्हायचे. आमच्या खाडीत एक बेट आहे. भोवती कांदळाची झाडी, एका अंगाला कातळ. परदेशी पाखरं तिथे उतरतात. तिथवर नेणारा मी एकटा. बाकीचे होडी ढकलतात, चालवतो मी. चौथीत शाळा सुटली, पण खाडीने मला कधी नापास केलं नाही.

मास्तरांचा एक कायदा होता. एकट्याने पाहिलेलं पाखरू हिशेबात धरायचं नाही. दोघांनी पाहिलं तरच ते बेटावर आलं. "एकट्याच्या डोळ्याला हाव असते," म्हणायचे, "हवं ते दिसतं." त्यांचे रोह्याचे दुर्बीणवाले दोस्तही हाच कायदा पाळत. त्यामुळे दुसरे डोळे माझे. आणि ते लागायचेच. एकदा मास्तर कांदळातल्या एका पांढऱ्या बगळ्याशी बराच वेळ अदबीने बोलत होते. शेवटी मला राहवलं नाही. "मास्तर, पाहुणा पेणच्या बाजारातनं आलाय. दुधाची पिशवी हाय ती."

त्यांचा सगळा जीव अडकला होता कालवफोड्यात. काळी पाठ, पांढरं पोट, गाजरासारखी लांब लाल चोच, आणि त्या चोचीने कातळाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं फोडून खायची. आमच्या ओटीवर बसून हे सांगत होते, तेव्हा मी म्हटलं, "कालवं फोडणारी आमच्या घरात एक हाय. चोचपण हाय तिला." आतून आमची कारभारीण हिरा ओरडली, "कालवण वरपताना बरी गोड लागते माझी चोच!"

हा पक्षी आपल्या बेटावर येणार, असं मास्तरांनी रोह्यात सांगून ठेवलं होतं. दोस्त हसले. "पेणच्या चिखलात? तो समुद्राकाठी मिळेल. चष्मा बदला, मास्तर." ते हसणं मास्तरांना फार लागलं होतं.

आणि एका आश्विनात तो आला. मी मांडीभर चिखलात उतरून होडीला खांदा लावलेला. वरून मास्तर कुजबुजले, "आले! कातळावर! लाल चोच!" मी डोळ्यातला चिखल पुसून मान वर करेपर्यंत कातळ मोकळा.

"पाहिलंस ना?"

"नाय."

"काळी पाठ?"

"नाय."

"अरे, उडताना तरी?"

"मास्तर, मी होडीचं बूड बघत व्हतो."

मग जी जुंपली! मी आधी बूड का बघितलं, यांनी आधी हाक का नाही मारली. भांडणाच्या नादात ओहोटीचं भान दोघांनाही राहिलं नाही. पाणी गेलं आणि होडी चिखलात बसली ती बसलीच. भरती येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाठ करून भाकरी खाल्ली. पाणी चढायला लागलं तेव्हा मास्तर म्हणाले, "खोटंच 'पाहिलं' म्हणाला असतास, तर पुन्हा तुझ्या होडीत बसलो नसतो."

म्हटलं, "बसायचं मागनं बघू. आधी उतरा नि ढकला."

घरी हिराने मलाच धरलं. "पायलं म्हणायचं व्हतं! जीभ झिजली असती?"

"मी मिठात कधी वाळू घातली नाय," मी म्हटलं. "न बघितलेलं पाखरू कसं घालू?"

त्यानंतर मास्तरांची नजर गेली. ऑपरेशन केलं, पण उपयोग झाला नाही. मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. निघण्याआधी मुद्दाम पेणच्या स्टँडवर गाडी थांबवून मला बोलावून घेतलं. मला वाटलं, दोन शब्द मायेचे बोलतील. म्हणाले, "कातळावर लक्ष ठेव. आणि एकटा जाऊ नकोस, फुकट जाईल."

मग दर आश्विनात फोन. "आले का?" "नाय." "बरं." फोन बंद.

यंदा मी हिराला होडीत घातली. "मला काय कळतंय पाखरातलं?" ती कुरकुरली. "कळायचं नाय गो, नुसतं बघायचं." तीन-चार खेपा फुकट गेल्या, आणि प्रत्येक खेपेला मी बोलणी खाल्ली. मग एका सकाळी कातळावर ते दिसले. एक नव्हे, जोडी. हिराने माझा दंड धरला. "अगो बाय! कालव कसं उघडलान बघा! मला कोयता लागतो मेला!"

मी तिथूनच फोन लावला. मास्तरांनी आधी माझी उलटतपासणी घेतली. पाठ? पोट? पाय? मग म्हणाले, "आता तू बोलू नकोस. वहिनींकडे दे."

हिराने पदर सावरून साक्ष दिली. "व्हय भाऊजी, काळी पाठ. व्हय, लाल. गाजरच जसं. नाय, यांनी नाय शिकवलं, यांचं कोन ऐकतंय!"

मी तिच्या कानाशी कान लावला. मग मास्तरांचा आवाज आला, "धरला."

आणि थोड्या वेळाने, "अजून आहेत का तिथं?"

"हायत. खातायत."

"मग हळू बोला, वहिनी. खाऊ द्या."

हिराने फोन बंद न करता कातळाच्या दिशेने धरला. चोची शिंपल्यांवर टकटकत होत्या. पाणी उतरायला लागलं होतं, ते मला दिसत होतं. मी होडी हलवली नाही.