सगळेच वनमाला

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांची खोकी छापणारा एक गाळा आहे. तिथे वनमालाताई कुबल एकाच वेळी चार-चार टेबलांवर कामाला असायच्या. ही काही सिद्धी नव्हे. कपाटावर एक काळी पेटी होती. गिऱ्हाइकांच्या सगळ्या फायली त्या पेटीत, आणि त्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडायच्या तर पेटी नाव आणि पासवर्ड विचारी. पेटी बसवणाऱ्याने चालते का बघायला पहिलं नाव ताईंचं घातलं, तेच सगळ्या कॉम्प्युटरांवर टाकलं आणि बाकीच्यांची नंतर करू म्हणून चहा पिऊन गेला. ते नंतर काही उजाडलं नाही. ताई दोनदा म्हणाल्या. चालतंय ना, मग चालू दे, असं मालकांचं उत्तर आलं.

शनिवारी मालक सुयोगसाहेब पेटी भरली म्हणून कुरकुरत होते. परदेशातल्या नव्या मशीनचे व्हिडिओ त्यांना आत टाकायचे होते, आणि जागा नव्हती. सोमवारी सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाने मंजूर केलेल्या खोक्यांचं अख्खं फोल्डर गायब. पेटीत नोंद होती: रविवारी दुपारी, वनमाला यांनी काढून टाकलं.

रविवारी दुपारी वनमाला मुलुंडला नणंदेच्या नातवाच्या बारशात पाळण्याला गोंडे बांधत होत्या. हे त्यांनी सांगितलं. साहेब म्हणाले, घरून, फोनवरूनसुद्धा पेटीत जाता येतं. ज्या बाईने साहेबांच्या वडिलांच्या, मोठ्या साहेबांच्या हाताखाली हा गाळा उभा केला, तिला सगळ्यांदेखत हे ऐकवून झालं. वर एक कोरा कागद टेबलावर आला. चूक माझ्या हातून झाली असं लिहून सही करा, गिऱ्हाइकाला पाठवायचंय. म्हणजे उद्या इस्टेटभर बोभाटा, की कुबलबाईंना आता झेपत नाही.

डिझाइनवाला सिद्धेश हळूच म्हणाला, "ताई, लिहून टाका ना. विषय संपेल."

"तुझा संपेल रे. माझा सुरू होईल."

त्या जागेवर बसल्या. कानशिलं तापलेली. वर्षभर ह्या मेल्यांनी माझं नाव पायपुसण्यासारखं वापरलं, आणि चिखल दिसला तो माझाच? त्यांनी आपला पासवर्ड बदलला. मग आत असलेले सगळे बाहेर पडावेत म्हणून उठून पेटी बंद केली, पुन्हा चालू केली आणि पाण्याची बाटली उघडून शांतपणे दोन घोट घेतले.

आधी सिद्धेशचा कॉम्प्युटर अडला. मग बिलिंगच्या नीलमचा. मशीनवरचा सहदेव हात पुसत आला आणि म्हणाला, पेटीने आपल्याला दारातच उभं केलंय. सगळे ताईंच्या टेबलाभोवती जमले. नवा पासवर्ड काय, हा एकच प्रश्न. ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. रोज संध्याकाळी साहेबांबरोबर पार्ल्याला घरी जाणारा लॅपटॉप त्यांच्या हातात उघडाच होता.

"अरे, मलाही आत घेत नाहीये."



"तुम्ही कोणाच्या नावाने जाता, साहेब?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं. तिथे वनमाला लिहिलेलं होतं, कायमचं, ऐसपैस. ते म्हणाले, सगळेच तसं करतात.

सहदेवने निरागस तोंड केलं. "व्हिडिओ बसले का, साहेब? रविवारी जागा झाली ना?"

साहेबांचा चेहरा उतरला. ते जुनं, कोणी न बघणारं फोल्डर वाटलं होतं, एवढंच पुटपुटले. मग हसायचा प्रयत्न केला. जाऊ दे, ताई, होतं असं. पासवर्ड सांगा, काम पडलंय.

जाऊ दे. सकाळी हे दोन शब्द कुठे होते?

ताईंनी आधी पेटी बसवणाऱ्याला फोन लावला. आजच्या आज प्रत्येकाचं नाव वेगळं घाल, म्हणाल्या, पहिलं साहेबांचं. मग तो कोरा कागद उचलून त्यांनी लॅपटॉपच्या बटणांवर ठेवला, वर आपलं पेन.

"पेन माझंच वापरा, साहेब. सवय आहे तुम्हाला. सही तेवढी तुमची करा."