हिराक्काची लाइन

सायरा मुलाणी खुर्चीत बसल्याबसल्या डोळे मिटते. झोपायचं नसतं तिला. पण दुपार आहे, आवाज नको म्हणून पंखा बंद आहे, आणि समोरच्या पडद्यावरची, प्रोसेसरचा भार दाखवणारी लाल पट्टी काही केल्या उतरत नाही.

दिवाळी झाली की मेंढके कळप घेऊन बाहेर पडतात. यंदा कळपांत लाळ्या-खुरकूत शिरलाय. आज चार वाजता गावच्या रेडिओवर जनावरांचे डॉक्टर येतील आणि मेंढके रानातून फोन करून त्यांना विचारतील. पण फोन करणाऱ्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. तो प्रतिध्वनी काढणारा ब्लॉक, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, टाकला की आवाजाच्या प्रोसेसरची ताकद संपते आणि तो नवी मांडणी घेतच नाही.

काढण्यासारखं होतं ते सगळं सायरानं सकाळीच काढलंय. गाण्यांवरचा घुमारा गेला, पाहुण्यांचे दोन माइक एकाच लाइनीवर आले. उरली पहिली लाइन. ती हिराक्काची.

हिराबाई कोळेकर इथली निवेदिका. घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या आवाजाची नुसती खरखर उरली, तेव्हा सायरानं त्या लाइनीवर एकापुढे एक सहा ब्लॉक लावले. श्वासाचा फुसकारा गाळला, शब्दांना धार आणली, आणि हिराक्का पुन्हा बोलू लागली. आषाढात ती गेली. लाइन चालूच आहे.

"सरक की जरा."

हिराक्का शेजारच्या स्टुलावर बसलेली असते. सायराला नवल वाटत नाही. ती खुर्ची सरकवते.

"काय अडलंय?"

"जागा नाही गं आक्का. प्रोसेसर भरलाय."

"कशानं?"

सायरा पडद्यावरच्या पहिल्या लाइनीवर बोट ठेवते. हिराक्का पडद्याकडं बघते, मग उठून स्टुडिओचं जाड दार ढकलते. बाहेर व्हरांडा नसतो. माळ असतो, कमरेएवढं वाळलेलं गवत, आणि पलीकडं वाघरात, जाळीच्या कुंपणात, कोंडलेली मेंढरं. दोघी गवतातून चालू लागतात. पडदा त्यांच्याबरोबर चालत असतो, त्याचं सायराला काही वाटत नाही.

"माझा भाऊ बिरू दोनदा फोन करून बसलाय," हिराक्का म्हणते. "आपलंच बोलणं माघारी आलं की भेतो आन् ठेवतो. त्याची मेंढरं लंगडाय लागलीत."

"मग तुझी लाइन काढू म्हणतेस?"

"त्यात मी हाय का बाय? रिकामा माइक गाळत बसलंय ते यंत्र."

"किती दिवस बसून लावली होती मी ती."

"ठावं हाय की. शेजारी मीच बसले हुते."

सायराच्या लक्षात येतं, आपण हेडफोन लावलेलाच नाही. हिराक्काचा आवाज खरखरीतच आहे, गाळलेला नाही, आणि शब्द न् शब्द कळतोय.

"निदान एक प्रत ठेवू?"

"ठेव, न्हाईतर ठेवू नको. पर चालू ठेवू नको."

एक मेंढी खोकते. हिराक्का तिकडं वळते, वाघर उचलून आत वाकते, आणि तिथं नुसती मेंढरंच उरतात.

सायरा डोळे उघडते. पट्टी लालच आहे. ती आधी जुन्या मांडणीची प्रत करून ठेवते. मग पहिल्या लाइनीवरचे सहाही ब्लॉक एकेक करून पुसते. शेवटच्यावर बोट जरा थांबतं, एवढंच. पट्टी खाली उतरते. फोनचा प्रतिध्वनी काढणारा ब्लॉक टाकला तर प्रोसेसर तो मुकाट घेतो.

खात्री करायला ती हिराक्काच्या भावालाच फोन लावते.

"बिरूमामा, रेडिओवरनं सायरा बोलतेय. नीट ऐकू येतंय का?"

पलीकडं वारा, मेंढरांचा आवाज. मग बिरू सावकाश म्हणतो, "येतंय. आता तू एकटीच बोलतीयास."

"मेंढरं कशी आहेत?"

"दोन लंगडत्यात. डाक्तर आलं का?"

"येतील इतक्यात. पहिला फोन तुमचाच घेते."

ती फोन ठेवते, माइक सरळ करते आणि दार उघडायला उठते. पोटरीला काहीतरी टोचतं. ती खाली बघते. सकाळपासून तिनं स्टुडिओच्या या गालिच्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि तिच्या सलवारीच्या काठात गवताची वाळलेली कुसळं गच्च रुतून बसली आहेत.