मापाची पँट

मी घर सोडलं ते मागल्या दारानं. हातात पिशवी, अंगात राखाडी टेरिकॉटची पँट आणि वर फुलाफुलांचा कुर्ता. गोठ्याला वळसा घालून, आंब्याच्या कलमांच्या खालून वाकून गेले आणि शेवटी जांभ्या दगडांचा गडगा ओलांडून रस्त्यावर उतरले. साडी नेसून तो गडगा मला कधी धड चढता आला नव्हता. त्या दिवशी एका ढांगेत पार केला, आणि पलीकडे उतरल्यावर रडले.

पुढल्या दारानं न जाण्याचं कारण ती पँटच होती. रत्नागिरीला राहून मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि नव्या मुंबईत, जिथं तेव्हा नुसत्या इमारती उठत होत्या, तिथं सुपरवायझरची नोकरी मिळवली होती. मुलाखतीतच साहेबांनी बजावलं होतं, साडीत बांधकामाच्या परांचीवर चढता येत नाही, पँट घालणार असाल तर या. मी हो म्हणून मोकळी झाले. तोवर पँटला माझा हात लागला होता तो फक्त दोरीवर वाळत घालताना, तीही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

आपल्याकडे शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नाही, हे वाडीतल्या बायकांना सांगायला नको. जुना ब्लाउज मापाला द्यायचा आणि त्यावरून नवा शिवून आणायचा. आई कापड घेऊन गणू टेलरकडे गेली, तेव्हा त्यानंही सवयीनं विचारलं, "मापाची आणल्यास काय गो?" आता मापाची पँट कुठून आणणार? आख्ख्या वाडीत पँट घातलेली बाई नव्हती. आईनं घरी येऊन माडाच्या झावळीचा एक हीर घेतला, माझ्या कमरेपासून घोट्यापर्यंत धरून तेवढाच मोडला. कमरेभोवती दोरा गुंडाळून त्याला गाठ मारली. आणि आबा कलमांत गेलेले बघून ट्रंकेतून त्यांची पँट काढली.

ती पँट म्हणजे आबांचा जीव की प्राण. तरुणपणी मुंबईत नोकरी करत असताना शिवलेली, पुढे खोल चुण्या, पाय असे ऐसपैस की एकात दोन माणसं मावावीत. आबा ती फक्त कचेरीच्या कामाला रत्नागिरीला जाताना घालत. एरवी ती डांबराच्या गोळ्यांत झोपलेली असे.

गणूनं लांबी हिरावरून घेतली, कंबर दोऱ्यावरून, आणि बाकी सगळं आबांच्या पँटवरून जसंच्या तसं. चुण्या तशाच, खिसे तसेच खोल, पट्ट्याच्या आत चोरखिसा, आणि पुढे बटणं! आईनं कपाळाला हात लावला. मग रात्र जायच्या आत पुढचं सगळं शिवून टाकलं, डाव्या बाजूची शिवण उसवली आणि तिथं ब्लाउजचे हूक लावले.

निघायच्या दिवशी मी ती घालून ओटीवर आले. रातराणी एसटीनं सकाळी मुंबईत उतरून थेट साइटवर हजर व्हायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर मला ती घालायचीच होती. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांची नजर चुण्यांवर थांबली.

"ही माजी हाय," ते म्हणाले.

आईनं काय झालं ते सांगितलं. आबा उठून उभे राहिले. लोक बघतील, हसतील, आपल्या पँटची नक्कल पोरीच्या अंगावर, सगळंच त्यांना एकदम लागलं असावं. "ही घालून जायाचं आसल तर आमच्या पुढल्या दारानं नाय जायाचं," एवढंच बोलले. मीही त्यांचीच मुलगी. बदलते म्हणाले नाही. मागे वळले आणि मागल्या दारानं निघाले.

गंमत बघा, थांब्यावर पोचले तर आबा माझ्याआधी तिथं उभे. ओटीवरच राहिलेली माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन, पुढल्या दारानं, सरळ रस्त्यानं आलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "मुंबयत खिसं सांबाळ." आपल्याकडे कुठल्या बापानं मुलीला हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही, कारण मुलीला खिसे असतात कुठे?

मुंबईत माझ्या पँटला सगळे हसले. होस्टेलवर माझ्या खोलीत नागपूरची लता होती, तिनं तर सरळ विचारलं, आजोबांची का? तेव्हा मुलींसाठी पँट म्हणजे जीन्स असाच समज होता. लतानं आपली जीन्स मला घालायला दिली. ती घालून मी सळ्यांची बांधणी बघायला उकिडवी बसले आणि उठता येईना. पावसाळ्यात धुतली तर वाळता वाळेना, खोलीभर कुबट वास. मी काही जीन्सच्या विरोधात नाही, जीन्सच माझ्या विरोधात होती. गणूची टेरिकॉट मात्र संध्याकाळी पिळून टाकली की सकाळी वाळून तयार.

मग मी हट्टानं पँटचा अभ्यास केला. कॉर्डुरॉयची एक घेतली आणि पस्तावले, साइटवरची सगळी धूळ तिच्या रेघांत जाऊन बसायची. गॅबर्डिन ऑफिसच्या मीटिंगला उत्तम, पडतं कसं सुरेख! सुती ड्रिल उन्हाळ्यात चांगलं, पण इस्त्रीचा कंटाळा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. दुकानात कापड मुठीत धरून चुरगाळायचं आणि सोडायचं, सुरकुत्या किती राहतात ते बघायचं. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि वर काय घालायचं, हे तर मला सगळ्याच जणी विचारतात. कुर्ता लांब असेल तर पँटची मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, अरुंद हवी, नाहीतर बाई तंबूसारखी दिसते. पँट सैल असेल तर शर्ट आखूड घ्या, नाहीतर आत खोचा आणि पट्टा लावा. पोट आहे म्हणून लाजून खोचायचं टाळू नका, चुण्या त्यासाठीच असतात. पँट बसून बघा, उकिडव्या बसून बघा, जिना चढून बघा. आरशासमोर नुसतं उभं राहून कसली पँट घेता? आणि खिसे मागून घ्या. मुंबईतले टेलर बायकांच्या पँटला खिसे द्यायला का कू करतात, पण मी खिशाशिवाय एकही शिवलेली नाही. एका खिशात टेप, एका खिशात खडू, चोरखिशात आईनं दिलेला देवीचा अंगारा.

आणि आता बघा. दुकानांच्या काचांत सगळीकडे बॅगी पँट, पुढे चुण्या, पाय ऐसपैस. परवा लता भेटली, लग्न होऊन ठाण्याला असते. तिनंही तसलीच घातली होती, भरपूर पैसे मोजून. मी म्हटलं, आजोबांची का गं? हसून हसून तिची पुरेवाट झाली.

पण तिकडे घरी? मी दर मे महिन्यात जात होते, आणि दर खेपेला पँट घालूनच. आबांनी शब्द मागे घेतला नाही आणि मी पँट बदलली नाही. गडगा ओलांडून, गोठ्यावरून, मागल्या दारानं आत. आत गेल्यावर आबा बोलत, आंबे कापून देत, साइटवर काय चाललंय ते विचारत. पण पाहुण्यासोयऱ्यांदेखत ओटीवरून घरात येणं काही माझ्या नशिबी नव्हतं. मी हसण्यावारी नेत होते, पण मला ते सलत होतं. बाहेर इतक्या इमारतींना पुढली दारं बसवून घेतली आणि आपल्या घराचं आपल्याला बंद, याचा राग यायचा.

माझी ती राखाडी पँट गुडघ्यांवर विरली, तेव्हा मी ती आईकडे टाकून आले होते. म्हटलं, पायपुसणं कर. यंदा आईनं सांगितलं की शेजारच्या सुनंदाला पुण्याला रेडिओच्या कारखान्यात काम लागलं. तिथं पँटच घालावी लागते. सुनंदाची आई आमच्याकडे आली, काय करायचं म्हणून रडकुंडीला आलेली. आबा ओटीवर बसून ऐकत होते. उठले, आत गेले, स्वतःच्या ट्रंकेतून माझी राखाडी पँट काढली. ती त्यांच्या पँटशेजारी, त्याच डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली होती! आणि बगलेत मारून गणूकडे गेले. म्हणाले, "मापाला ही घे. बटणं बाजूला लाव, मागच्यासारका घोळ नको."

हे सगळं आईनं मला सांगितलं ते नंतर. यंदा मी घरी पोचले त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. नेहमीसारखी एसटीतून उतरले, नवी तपकिरी गॅबर्डिन, आत खोचलेला पांढरा शर्ट. गडगा ओलांडला, गोठ्यावरून मागल्या दाराशी आले, तर दारात चौकटीपर्यंत लाकडं रचलेली. आत जायला बोटभरही वाट नाही. मी हाका मारल्या. ओटीवरून आबांचा आवाज आला.

"मागं लाकडं रचल्यात. पुढनं ये."

मी घराला वळसा घालून पुढे आले. ओटीवर सुनंदाची आई होती, आणखी दोघं बसले होते. परांचीवर चढताना कधी मोजल्या नव्हत्या, पण त्या पायऱ्या मी एकेक मोजत चढले. आबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसं. त्यांची नजर कमरेशी थांबली.

"ह्येला चुण्या नाय घातल्यान?" आबा म्हणाले. "गणूकडं टाक. माजी घेऊन जा मापाला."