कुलुइपा अपाची कुणी न पाहिलेली गाय

गेल्या हिवाळ्यात आमच्या तेरेक-बुलाक गावात एक बातमी घरोघरी चहाबरोबर फिरत होती. कुलुइपा अपा पळून गेली! तेही राजधानीच्या, बिश्केकच्या, एका टॅक्सीवाल्याबरोबर.

शेजारची सायरा वहिनी ही बातमी सांगताना आधी दाराकडे बघायची, मग अख्खा बोर्सोक, तळलेल्या पिठाचा गोळा, तोंडात कोंबायची आणि गाल फुगलेले असतानाच बोलायची. "म्हातारपणी गं बाई! नवरा केव्हाच गेला, नातवंडं शाळेत जायला लागली, आणि हिला आत्ता सुचलं. पुढच्या सीटवर बसली होती, पुढच्या! आणि तोंड असं रुमालात गुंडाळलेलं, नव्या नवरीसारखं." मी हे सगळं, बोर्सोकच्या कणांसकट, इतकं हुबेहूब करून दाखवायचे की वर्गातल्या मुली बाकावर डोकं आपटून हसायच्या.

टॅक्सी खरी होती. पुढची सीट खरी होती, कारण घाटाच्या रस्त्यावर मागे बसलं की तिच्या ओटीपोटात कळा यायच्या. झाकलेलं तोंडही खरं. पण ती निघाली होती कर्करोगाच्या मोठ्या दवाखान्यात, आणि मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन तिची सून मीरगुल बसली होती. सायरा वहिनीच्या गोष्टीत मीरगुल कधीच नसायची. आणि गंमत अशी की ही बातमी खोडायला कुलुइपा अपानं बोटसुद्धा उचललं नाही. उलट मुलाला, एर्मेकला, बजावलं, "कुणी विचारलं तर गप्प बस. पळाली म्हणू देत. दुखणं कुठं आहे ते कळण्यापेक्षा हे परवडलं."

दुखणं जिथं होतं त्या जागेचं नाव आमच्या गावात बायका एकमेकींतसुद्धा घेत नाहीत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती तिची, आणि उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर असताना, पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं. आधी थोडंसं, मग जास्त. ती फडकी ओढ्यावर सगळ्यांच्या आधी जाऊन धुवायची, आणि वाळत घालायची ती झुडपांच्या आतल्या बाजूला. गावच्या दवाखान्यात जायचं, तर तिथली नर्स कोण? मीरगुल! स्वतःची सून. जी सून सासूकडे पाठ करून बसत नाही, चहा ओतताना मान वर करत नाही, तिच्यापुढे सासूनं झगा वर करायचा? आमच्याकडे त्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं. बोलण्यापुरतं नाही, खरंच वाटतं.

म्हणून ती आमच्या घरी आली. माझे बाबा, मेदेरबेक, गुरांचे डॉक्टर.

मी अंगणात दही गाळत होते. ती फाटकापाशीच थांबली, आत येईना. रुमालाचं टोक दातांत धरून म्हणाली, "मेदेर, एक गाय आहे रे."

"कोणती, काकी? तुमची ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली?"

"ती नव्हे. दुसरी. म्हातारी. व्यायची केव्हाच थांबलीय."

"बरं, मग?"

"तिच्या... मागून रक्त जातं."

"किती दिवस?"

"कुरणावर गेलो तेव्हापासून."

"खाते का?"

"खाल्लं तर खाते. वाळत चाललीय."

बाबा घोड्याच्या खुराला औषध लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आत काहीतरी वाढलंय, काकी. म्हातारं जनावर, त्यावर औषध कशाला वाया घालवता? थंडी पडायच्या आत कापून टाका. मांस तरी घरात येईल."

तिनं रुमालाचं टोक दातांतून सोडलं. मग म्हणाली, "हां. कापूनच टाकायला पाहिजे." आणि गेली. जाताना फाटक ओढून घेतलं, इतकं हळू की कडीसुद्धा वाजली नाही. मी त्या दिवशी संध्याकाळी आईला ते चालणं करून दाखवलं. आई हसली. बाबाही हसले.

मग बाबांना हुरहूर लागली. रोग पसरणारा असला तर गावातली बाकीची गुरं? चार दिवसांनी ते गाय बघायला निघाले, आणि दुसरं काही काम नव्हतं म्हणून मीही सोबत गेले. कुलुइपा अपा घरात नव्हती. मीरगुल अंगणात कपडे पिळत होती.

"वहिनी, ती आजारी गाय दाखवा जरा."

"कुठली आजारी गाय, दादा? आमच्या सगळ्या ठणठणीत आहेत."

"अहो, ती म्हातारी. काकी म्हणाल्या ना, व्यायची थांबलेली, उन्हाळ्यापासून रक्त जातंय, वाळत चाललीय."

मीरगुलच्या हातातली चादर अर्धी पिळलेली तशीच राहिली. तिनं एकदा दोरीकडे बघितलं; सासूचे कपडे तिच्यावर कधीच नसायचे, धुवायला कधी तिच्या हाती येतच नव्हते. मग एकदम दुसऱ्याच आवाजात, सरकारी आवाजात, म्हणाली, "ती गाय विकली, दादा. तुम्ही या."

परतीच्या वाटेवर बाबा पाटाच्या पुलावर थांबले. मी पुढे गेले होते, मागे वळून बघते तर ते टोपी काढून हातात फिरवत उभे. "मी तिला काय म्हणालो?" त्यांनी मला विचारलं. मला आठवत होतं, शब्दन् शब्द, आवाजासकट. मी नाही सांगितलं. त्यानंतर सबंध हिवाळाभर बाबा तिच्या घरावरून जायचं टाळायचे. वरच्या आळीला जायचं असलं तरी ओढा ओलांडून, बूट भिजवत जायचे.

पुढचं मला कुलुइपा अपानं स्वतः सांगितलं, आणि नक्कल करण्यात ती माझ्या वरचढ आहे हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मीरगुल चहा ओतत होती. कपात नेहमीप्रमाणे थोडाथोडाच, मान देण्याची रीत म्हणून. मान खाली.

"अपा, त्या गाईबद्दल ऐकलं."

सासूनं बोर्सोक मोडला.

"मेदेर दादांना गाई कळतात. पण अशा गाईचं त्यांना नाही कळत. बिश्केकला यातलं कळणारे डॉक्टर आहेत. आत नळी घालून बघतात, थोडा तुकडा काढून तपासतात. लवकर नेली तर वाचते, अपा."

"म्हातारी गाय आहे."

"आमची आहे."

सासूनं कप पुढे केला. मीरगुलनं चहा ओतला. "तिला लाज वाटते," कुलुइपा अपा म्हणाली.

"वाटू दे. लाज टॅक्सीत बसवून नेऊ."

बिश्केकला डॉक्टर निघाला दानियार नावाचा, तिच्या एर्मेकच्या वयाचा, हातावर रबरी मोज्यांची पावडर लागलेली. मीरगुल बाहेर थांबली, सासूची तशीच अट होती. कुलुइपा अपानं रुमाल चेहऱ्यावर ओढून घेतला आणि आतूनच सुरुवात केली, "साहेब, आमची एक गाय आहे..." त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अपा, गाय बाहेर बांधा. तुम्ही एकट्या इथं झोपा." ती म्हणते, त्या टेबलावर ती पडली तेव्हा छत खाली आलं तर बरं, असं तिला वाटत होतं. पाय बांधल्यासारखे कडक. तो बोलत राहिला, आता थंड लागेल, आता दुखेल, झालंच. ती खाली उतरली तेव्हा रुमालाचं टोक चावून चावून भोक पडलेलं होतं.

आधी सोनोग्राफी. गर्भपिशवीचं अस्तर जाड झालेलं. मग आतला तुकडा तपासायला गेला. निकाल यायला दिवस लागले, तोवर दोघी मीरगुलच्या मावशीकडे राहिल्या, आणि कुलुइपा अपानं मावशीला सांगितलं की सुनेचे दात दाखवायला आलोय. निकाल आला तसा दानियारनं दोघींना एकत्र बसवलं. कर्करोग आहे. पण पिशवीच्या आतच आहे असं दिसतंय, बाहेर गेलेला नाही. पिशवी काढायची, दोन्ही बाजूंच्या अंडाशयांसकट. नंतर, काढलेलं सगळं तपासून, किरण द्यायचे की नाही ते ठरेल.

"या वयात पाळी गेल्यावर रक्त दिसलं ना, अपा," तो म्हणाला, "एक थेंब जरी, त्याच आठवड्यात यायचं. तुम्ही उन्हाळा घालवलात."

तिनं हातरुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "गुरांच्या डॉक्टरला दाखवलं होतं."

दानियारला हसू आवरेना. मीरगुलला रडू. ऑपरेशन झालं. किरणही द्यावे लागले, त्यानं तिला जुलाब झाले, अंगातली ताकद गेली, आणि मीरगुलनं तिला धुतलं, पुसलं. त्याबद्दल कुलुइपा अपा आजही नीट सांगत नाही. तिथं आली की थांबते, चुलीकडे बघते. "सुनेनं केलं ते," एवढंच म्हणते. तिच्या मते मरणापेक्षा ते अवघड होतं.

वसंतात ती परत आली. गावानं टॅक्सीवाल्याबद्दल विचारलं. "दात पडके होते, सोडला," असं तिनं सायरा वहिनीला सांगितलं, आणि सायरा वहिनीनं विश्वास ठेवला.

तेव्हाच जिल्ह्याहून तपासणीची गाडी येणार होती, बायकांसाठी, आत सगळी उपकरणं असलेली. मीरगुल घरोघर फिरली. प्रत्येक घरात तिला चहा मिळाला, यायचं वचन कुणीच दिलं नाही. माझ्या आईनं तर दारातूनच सांगितलं, "आम्हाला काही नाही झालेलं, पोरी." मीरगुल रडवेली झाली. मी तिच्या घरी बसले होते. कुलुइपा अपा लोकर विंचरत होती.

"अपा, तुम्ही सांगा ना बायकांना," मी म्हटलं.

"मी? तोंड नाही माझं."

"नाहीच सांगणार तुम्ही. पैज."

"कसली पैज?"

"शनिवारी गावच्या हमाममध्ये, वाफेच्या न्हाणीत, सगळ्या असतात. तुम्ही पोटावरची खूण घेऊन तिथं येणार नाही. आणि आलात तरी बोलणार नाही."

तिनं लोकरीचा पुंजका खाली ठेवला. "हरलीस तर?"

"सांगाल ते."

"तुझ्या आईला त्या गाडीत घेऊन जायचं. तू. तिला काय बघतात, कुठं बघतात ते तुझ्या तोंडानं सांगायचं. नक्कल न करता."

मी हसत कबूल झाले. कारण मला खात्री होती.

शनिवारी वाफेत सगळ्या होत्या. सायरा वहिनी पाठ घासून घेत होती, माझी आई केस धूत होती. दार उघडलं आणि कुलुइपा अपा आत आली, कमरेला काहीही न गुंडाळता. बेंबीपासून खाली तांबडी रेघ. टँकरच्या नळासारखी चालणारी सायरा वहिनीची जीभ बंद झाली. कुलुइपा अपा भांडं घेऊन मध्ये बसली. चेहरा लालभडक, आणि तो वाफेनं झालेला नव्हता.

"बघून घ्या," ती म्हणाली. "टॅक्सीवाला नव्हता. पिशवीत कर्करोग होता. पाळी गेली होती तरी रक्त जात होतं, आणि मी लाजेपायी मेदेरला गाय म्हणून सांगितलं. तो म्हणाला काप. त्याचं चुकलं नाही, गाईचं त्यानं बरोबर सांगितलं." तिनं डोक्यावर पाणी ओतलं. "आता गाडी येतेय. कुणाला लाज वाटत असेल तर या माझ्याकडे, मी सोबत येते. माझी संपलीय."

लाज संपलेली नव्हती. रिकामं भांडं तिनं पोटावरच्या रेघेपुढे धरून ठेवलं होतं, ते मला बाकावरून दिसलं. मग सायरा वहिनी एकदम म्हणाली, "अगं बाई, आणि मी सगळ्यांना..." आणि तोंडावर ओला हात दाबून बसली.

माझी आई केस धूत राहिली. साबण केव्हाच निघून गेला होता.

बुधवारी गाडी आली. मी आईचा हात धरून शाळेच्या पटांगणात रांगेत उभी होते. आई विचारत होती, "आत काय करतात गं?" आणि मला कुठल्याच आवाजात बोलता येईना.