पुन्हा चालव

नालवोगा कंपालातल्या आमच्या ऑफिसात टेस्टिंग करायची. दवाखान्याची वेळ ठरवून देणारं आमचं अ‍ॅप. कुणी कोडमध्ये काही बदललं की मशीन आपणच ब्राउझर उघडून एकेक बटण दाबून बघायचं. सगळं चाललं तर हिरवं, कुठं अडलं तर लाल. आता लाल का आलं, हे कोण मेलं बघतंय! सेमाकुला साहेब जागेवरूनच ओरडायचे, "पुन्हा चालव गं!" दुसऱ्या-तिसऱ्यांदा हिरवं यायचं, की झालं, अ‍ॅप लोकांच्या फोनवर रवाना.

सुरुवातीला ती भांडायची. मग मुकाट्यानं पुन्हा चालवू लागली.

एका दुपारी ती माझ्यासमोर उकडलेल्या केळ्यांचं मटोके खात होती, तेवढ्यात मसाकाहून तिच्या आईचा फोन आला. हात खरकटा म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"अगं, तुमच्या अ‍ॅपवर डोळ्याच्या डॉक्टरची उद्याची वेळ दिसतेय, पण बटण दाबलं की काहीच होत नाही."

"पुन्हा दाब, आई."

"कधीची दाबतेय!"

"पुन्हा दाब."

जरा वेळानं आई म्हणाली, "लागलं बाई एकदाचं. पण तोवर उद्याची गेली गं कुणाला तरी. आता दोन महिन्यांनंतरची दिलीय."

"मिळाली ना? मग झालं," नालवोगा म्हणाली आणि तिनं पुढचा घास घेतला.