अल्पचरित्रातलं वाक्य

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस गेला की दफनाच्या उपासनेत त्याचं अल्पचरित्र वाचायची रीत आहे. घरच्याच कोणीतरी ते लिहायचं, पानभर, फार तर दीड पान, आणि पाळकांच्या उपदेशाआधी उभं राहून वाचायचं. जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, नोकरी, लग्न, मंडळीतली सेवा, आजारपण. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: अखेरपर्यंत विश्वासात दृढ राहून ते प्रभूच्या ठायी निद्रिस्त झाले. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून मी अशी कितीतरी अल्पचरित्रं ऐकली. पिणारे, भावाशी कोर्टात भांडणारे, नाताळखेरीज देवळाची पायरी न चढणारे, सगळेच अखेरपर्यंत दृढ राहून गेले. ऐकता ऐकता माझा नवरा माझ्या कानाशी पुटपुटायचा, "हा कोण गो माणूस? आपण चुकीच्या मयताला आलो वाटतं."

त्याचं लिहायची वेळ माझ्यावर आली, तेव्हा मी एवढंच ठरवलं की ऐकणाऱ्यांना तो ओळखू यावा.

तो जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. देवळातले पंखे, माईक, जनरेटर, सगळं त्याच्याकडे असे. उपासना चालू असताना माईक कुरकुरला की तो सरळ उठून पुढे जायचा आणि पाळकांच्या पायाशी बसून वायर जोडायचा. मग पोटाचा कॅन्सर निघाला. कोल्हापूरच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मांडवीच्या आमच्या घरी मंडळीतली माणसं प्रार्थनेला येऊ लागली. प्रेमानेच येत, पण मोठमोठ्याने प्रार्थना करत. एकदा त्याने डोळे उघडून म्हटलं, "हळू मागा. तो बहिरा नाही. आणि ऐकून देत नसेल तर ओरडून काय फायदा?" नंतर त्याने प्रार्थना बंदच करवली. "बसायचं तर बसा, बोट काय लागली, मासळी काय आली ते सांगा. माझं त्याच्याशी वाजलंय." हे सांगताना हाताचं बोट वर, छताकडे.

म्हणून मी लिहिलं: "शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी प्रार्थना करणं सोडलं. ते देवावर रागावलेले होते आणि तसेच गेले."

हे मी देवळात, शवपेटीशेजारी उभी राहून वाचलं. माझा आवाज कापला नाही. बाकांवर मात्र अशी कुजबुज पसरली की मला मान वर करवेना.

दफनानंतर कबरस्तानाच्या दगडी गडग्यापाशी लोक हात मिळवायला आले. आमच्या रीतीने "सलाम" म्हणून झालं की प्रत्येकाच्या तोंडावर तेच. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, डोकं ठिकाणावर आहे काय तुझं? बाहेरची माणसं होती. जेटीवरचे मुसलमान होते, शेजारचे होते. आपल्या धर्माची काय शोभा राहिली?" त्यांतलेच एक बोटमालक तिथेच मागे उभे होते. ते पुढे आले. "भाभी, आमच्याशीपण भांडायचा तो. इंजिन धरून बसायचा, शिव्या घालायचा. पण बोट सोडून कधी उतरला नाय." त्या दिवशी मला धीर देणारं एवढंच कोणी बोललं.

वर्ष भरत आलं. आमच्याकडे दरवर्षी त्या तारखेला वर्षाची प्रार्थना देवळात होते आणि अल्पचरित्र पुन्हा वाचतात. त्याआधी एका संध्याकाळी गुरुजी घरी आले. गुरुजी आमच्या मंडळीचे सर्वांत ज्येष्ठ पंच. शाळेत माझ्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलेलं. चहा त्यांनी अर्धाच घेतला.

"बाई, अल्पचरित्र म्हणजे साक्ष असते. लहान मुलं ऐकतात. डळमळीत विश्वासाची माणसं ऐकतात. ते वाक्य काढा."

"गुरुजी, ते खरं आहे."

"पुस्तकांत राहून राहून तुम्हाला खरं बोलायची चटक लागलीय. त्यात तुमची हुशारी दिसते, त्याचा विश्वास दिसत नाही. वाक्य काढलंत तर देवळात वाचा. नाहीतर पंचांचं ठरलंय, वाचायचं नाही." मग जरा मऊ होऊन, "ख्रिस्ती माणसाने टीका नम्रपणे घ्यावी, बाई."

माझ्याकडे उत्तर होतं, अगदी जिभेवर. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या देवळात प्रभूचे वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे सात उद्गार, सात जण वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपल्या शब्दावर बोलतो. चौथा शब्द, म्हणजे देवाने आपल्याला का टाकलं ही प्रभूची हाक, ती गेली कित्येक वर्षं गुरुजींकडे आहे. दरवर्षी त्या हाकेपाशी ते चष्मा काढून पुसतात. मला एवढंच म्हणायचं होतं की गुरुजी, प्रभूचंही ते वाक्य मग काढून टाकूया का.

पण ते म्हटलं नाही. तोंडात आलेलं गिळलं. भीती वाटली म्हणून नव्हे. गुरुजी खाली मान घालून बसले असते, मी जिंकले असते, आणि ती हाक मी एका म्हाताऱ्या माणसाला दगडासारखी फेकून मारली असती. ती तशी वापरायची वस्तू नाही.

"गुरुजी," मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात त्यातलं खरं काय ते मी शोधते. जे खरं असेल ते सुधारते."

"आणि वाक्य?"

"ते खोटं निघालं तर काढते."

ते उठले. दारात म्हणाले, "तो वर्गात असाच होता. तुम्ही त्याच्याहून वाईट आहात."

दुसऱ्या दिवशी मी कागद काढून बसले. गुरुजींचं बोलणं एकेक करून त्या कागदाला लावून पाहिलं. हुशारीचं म्हणणं खरं होतं. त्याच्या हातांबद्दल, त्याच्या बोलण्याबद्दल मी दोनतीन ठिकाणी असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याने त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघावं. ते सगळं खोडलं. खोडताना वाईट वाटलं, कारण तेच मला सगळ्यांत आवडत होतं. पण रागाचं वाक्य जागचं हललं नाही. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात चिपळूणहून माझी नणंद आली, वर्षाच्या प्रार्थनेसाठी. त्याची थोरली बहीण. आजारपणात शेवटचे काही आठवडे तीच माझ्या जोडीला होती. मागच्या दारी ती बांगडे साफ करत बसलेली असताना मी तिला गुरुजींचं सांगितलं. वाटलं, ही माझ्या बाजूने दोन शब्द बोलेल.

"काढू नको," ती म्हणाली. "पण ते वाक्य चुकलंय."

"काय चुकलंय, ताई?"

"त्याने प्रार्थना सोडली, हे तुला काय माहीत गो?"

"तो स्वतः म्हणायचा की."

"म्हणायचा की माझं त्याच्याशी वाजलंय. सोडलं असं कधी म्हणाला? लहानपणी आईवर रुसला की दिवसभर तिच्याशी बोलायचा नाही, पण बसायचा कुठे? तिच्याच चुलीपुढे." तिने बांगड्याचं पोट फाडलं. "आणि तू झोपायचीस तेव्हा मी बसायचे त्याच्यापाशी. ओठ हलायचे त्याचे. शिव्या घालत होता की मागत होता, मला ऐकू आलं नाही. मला माहीत नाही, तर तुला कुठून माहीत?"

"मग मी काय, खोटं वाचलं?"

"गुरुजी म्हणतात दृढ होता. तू म्हणतेस सोडलं होतं. तुम्ही दोघं सारखीच. दोघांनाही त्याच्या पोटातलं कळतं."

मला इतका राग आला की मी आत निघून गेले. गुरुजींचं बोलणं मी सहज झेललं होतं, कारण ते चुकीचे आहेत हे मला आधीच ठाऊक होतं. तसं झेलणं म्हणजे नम्रता नव्हे, तो शिष्टपणा होता. ताईचं झेलता येईना, कारण ते बरोबर होतं. मी खाटेवर बसून प्रार्थना केली, तीही धड नाही. एवढंच म्हटलं, प्रभू, हिचं म्हणणं मला ऐकू येऊ दे. मग स्वयंपाकघरात जाऊन मसाला वाटायला घेतला. जेवताना तिने माझ्या ताटात मोठा बांगडा वाढला.

वाक्य मी बदललं. आता ते असं झालं: "शेवटच्या काही महिन्यांत त्यांनी माझ्यासमोर प्रार्थना केली नाही आणि कोणाला करूही दिली नाही. देवाशी आपलं वाजलं आहे, असं ते स्वतः सांगत. त्यापलीकडे त्यांच्या आणि देवाच्या मध्ये काय होतं, ते मला माहीत नाही."

कागद घेऊन मी गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला.

"हे तर आधीपेक्षा वाईट आहे. आधी तुम्ही रागाचं तरी लिहिलं होतं. आता तुम्ही म्हणता, माहीतच नाही."

"नाहीच माहीत, गुरुजी. तुम्हाला आहे का?"

त्यांनी कागद घडी करून परत दिला. "हे देवळात वाचता येणार नाही."

"मग घरी वाचते. वर्षाची प्रार्थना घरीच ठेवते."

"बाई, हा गर्व आहे."

असेलही. परतताना किनाऱ्याने चालत मी त्याचाच विचार करत होते. लहानपणापासून मला सांगितलं गेलं की नम्र माणूस उलट बोलत नाही. पण प्रभूला जेव्हा एका शिपायाने भर चौकशीत थोबाडीत मारली, तेव्हा त्याने मान खाली घातली नाही. चुकीचं बोललो असेन तर चूक दाखव, नाहीतर मारतोस कशाला, असं त्याने विचारलं. मला ती नम्रता हवी आहे. चूक दाखवा, मी बदलेन. ताईने दाखवली, मी वाक्य बदललं. पण लोक काय म्हणतील ही चूक नव्हे. माझ्या नवऱ्याला मेल्यावर सभ्य करून घेण्यासाठी मी प्रभूचं नाव वापरणार नाही. तो जसा होता तसा देवाला चालणार नसेल, तर माझ्या दीड पानाने देव फसणार आहे थोडाच?

प्रार्थनेच्या संध्याकाळी घर भरलं. काही जण मुद्दाम आले नाहीत, तेही कळलं. गुरुजी येतील असं वाटलं नव्हतं. ते आले आणि भिंतीकडेच्या खुर्चीत काठी पायांत धरून बसले. मी उभी राहून वाचलं. खोडलेलं खोडून, बदललेलं बदलून, सगळं. ताई माझ्याकडे बघत होती. शेवटच्या वाक्यानंतर मी "निद्रिस्त" वगैरे काही जोडलं नाही. तो कोणत्या दिवशी गेला ते सांगितलं आणि बसले.

अल्पचरित्रानंतर ज्येष्ठ पंचांनी प्रार्थना करायची, असा नेम आहे. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. ते काठीवर भार देऊन उठले. "मी त्याचा शिक्षक होतो," ते म्हणाले. "मला हे पटलेलं नाही." मग डोळे मिटून, भरल्या घरात, माझ्याच घरात, त्यांनी प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभू, या तुझ्या मुलीला नम्रता दे."

मी सगळ्यांच्या आधी, मोठ्याने, "आमेन" म्हटलं. मनापासून म्हटलं.

"आणि तिच्या लेखणीला आवर घाल."

खोलीत बऱ्याच जणांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. डोळे उघडे ठेवून बसून राहिले.

चहा झाला, माणसं पांगली. गुरुजी दारात चपला घालत होते. खाली वाकूनच त्यांनी विचारलं, "पुढल्या वर्षीही हेच वाचणार?"

"हो, गुरुजी. यात काही खोटं आढळलं तर सांगा. तेवढं सुधारून वाचीन."

त्यांनी दुसरी चप्पल घातली, काठी घेतली. "बघतो," म्हणाले, आणि कागदासाठी हात पुढे केला.