सिस्टरांची पितळी वाटी

भूल देणाऱ्या डॉक्टरला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. सर्जनच्या हाती पेशंट येतो तो झोपलेला. माझ्या हाती येतो तो घाबरलेला, आणि घाबरलेला माणूस वाट्टेल ते बोलतो! राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून ऑफिसंच्या ऑफिसं इथे आली, आणि शंकर नगरातल्या आमच्या नर्सिंग होमला पेशंटांची रीघ लागली. हे सगळे किस्से त्या दिवसांतले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्याच दिवसांत माझी स्वतःची झोप उडाली होती. तीन ठिकाणच्या केसेस, सगळीकडे खोदलेले रस्ते, डोकं काही थांबेना. मग अर्धी गोळी सुरू केली. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. बायकोला, म्हणजे सुनंदाला, पत्ता लागू दिला नाही. पाकीट मोज्यांच्या खणात, अगदी मागे! लोकांना गोळ्यांवरून झापणारा मी, आणि मीच गिऱ्हाईक. लाज वाटायची, पण सुटत नव्हतं.

*

एकदा सकाळी टेबलावर एक ठेकेदार आला. सव्वाशे किलोचा गडी. टेबल करकरलं. मी दोन सिरिंज भरून ठेवल्या, वॉर्डबॉयला जवळ उभं केलं. पहिली अर्धीही गेली नसेल, गडी घोरायला लागला!

त्याच्यानंतर सचिवालयातले एक बाबू. अंगावर मांस नाही, वजन पन्नासच्या आत. त्यांना पूर्ण सिरिंज दिली. पापणीला बोट लावून बघतो तर बाबू डोळे उघडून विचारतात, "डॉक्टर साहब, शुरू करें?"

आमचे सर्जन देशकर साहेब हातात सुरी घेऊन उभे. म्हणाले, "अबे, औषध भरलं का नळाचं पाणी?"

तसं काही नव्हतं. भूल नुसती वजनावर चालत नाही. वय असतं, लिव्हर असतं, ज्याची त्याची प्रकृती असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणूस रोज काय घेतो. रोज दारू किंवा गोळी घेणाऱ्याचा मेंदू सरावलेला असतो, त्याला नेहमीचा डोस पुरत नाही. हे बाबू मला आदल्या दिवशी म्हणाले होते, "मैं तो चाय भी नहीं पीता." तेव्हा शेजारी त्यांचे सासरे उभे होते!

*

त्या दिवशी मेश्राम सिस्टरांनी सूत्रं हाती घेतली. सिस्टर मूळच्या भंडाऱ्याच्या, वडील रेल्वेत, आवाज स्टेशनभर ऐकू जाईल असा.

"सर, घरचे लोक उभे असले का पेशंट खरं काहून सांगन? पहिले त्याईले बाहेर काढा."

"कसं काढता? चिकटून उभे असतात."

"तुमी पाहा फक्त."

दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशनच्या आधी सिस्टर नातेवाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगायला लागल्या, "औषध घोळायला नवी कोरी पितळेची वाटी लागते. गोल बाजारातच मिळते." नातेवाईक धावत सुटायचे. तेवढ्या वेळात मी पेशंटच्या कानाशी जाऊन विचारायचो. मग काय काय बाहेर यायचं! घरी जाताना सिस्टर वाटी परत द्यायच्या. लोक ती देवघरात ठेवायचे म्हणे. हे सगळं मी घरी सुनंदाला हसत हसत सांगायचो.

एका मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब हुशार निघाल्या. स्वतः हलल्या नाहीत, शिपायाला पिटाळायला निघाल्या. सिस्टर म्हणाल्या, "नहीं मॅडम, घरवाली के हाथ की ही चलती है." बाईसाहेब गेल्या! साहेबांनी दार लागल्याबरोबर कबूल केलं, "सिस्टर, रोज एक गोली. बस एक."

बाहेर आल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "दोन लिवा, सर. पेशंट सांगते त्याच्यात एक मिळवाचा."

मी दोन धरूनच चाललो. साहेब वेळेवर झोपले.

*

सगळेच किस्से हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आमच्या चौबे कॉलोनीत वाटीभर भाजी जशी शेजारी जाते, तशा झोपेच्या गोळ्याही जायच्या. काळे काका रेल्वेतून रिटायर झालेले, रोज तीन गोळ्या घेऊन सकाळी सहाला बागेत फिरायला हजर. त्यांची वहिनी अमरावतीहून आली. प्रवासाने अंग दुखत होतं. काकांनी दुपारचं जेवण झाल्यावर तिला गोळ्या दिल्या. तीन नाही, दोनच! आणि तिने खोकल्याचं औषधही घेतलं होतं, तेही गुंगी आणणारं.

चार वाजता काकू माझ्याकडे धावत आल्या. "भाऊ, वहिनी उठूनच नाही राहिली!"

बाई निळी पडत चालली होती. जीभ मागे पडून श्वास अडकत होता. मी तिची हनुवटी वर उचलून धरली आणि तशीच धरून ऑटोत बसलो. शंकर नगरापर्यंत हात सोडला नाही. ऑक्सिजन लागला, तासा-दोन तासांनी बाईने डोळे उघडले.

काका कोपऱ्यात रडत होते. "मी तर रोज तीन घेतो भाऊ, मले काही होत नाही."

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. तुमच्या अंगाला सवय आहे, तिच्या नाही. आणि झोपेला सवय होते म्हणून श्वासालाही तितकीच होते असं नाही. त्यात घोटभर दारू पडली तर तुमचाही श्वास थांबेल. एकदम बंद कराल तर झटके येतील, म्हणून डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा.

फार छान बोललो मी. घरी आलो आणि मोज्यांचा खण उघडला.

*

त्यानंतर मीच शहाणपणा केला आणि गोळ्या एकदम बंद केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सिरिंज धरलेला हात थरथरायला लागला. समोर टेबलावर कोणाची तरी आई झोपलेली. सिस्टरांनी सिरिंज माझ्या हातून काढून घेतली आणि देशकर साहेबांना सांगितलं, "सरले ताप आहे." केस दुसऱ्याने केली. मी घरी जाऊन पुन्हा गोळ्या सुरू केल्या.

*

पुढे दोन महिन्यांनी माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. करणार देशकर साहेब, भूल देणार माझीच ज्युनिअर पल्लवी. पोट्टी हुशार, मीच शिकवलेली. तिने कागद काढला.

"सर, रोजची काही औषधं? झोपेची गोळी वगैरे?"

सुनंदा माझ्या उशाशी उभी होती. खोटं बोललो तर काय होईल, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"काही नाही," मी म्हणालो.

पल्लवीने मेश्राम सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर सुनंदाकडे वळल्या, तोच गंभीर चेहरा करून. "मॅडम, औषध घोळायला एक नवी कोरी पितळेची वाटी..."

सुनंदाने पर्समध्ये हात घातला, वाटी काढली आणि माझ्या छातीवर ठेवली.

"कालच आणली गोल बाजारातून. मी कुठी जाऊन नाही राहिली. आता बोला."

वाटी माझ्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती.

"दोन," मी म्हणालो.

"तीन लिव पल्लवी," सुनंदा म्हणाली. "मोजे मी धुते."